हॅण्डब्रेक आक्कांकडे

आमच्या घरमालकांनी गाडीचा हॅण्डब्रेक स्वतःच्या हाताने कधी लावला नाही, आणि हॅण्डब्रेक कसा असावा यावर मात्र शहाद्यातल्या निम्म्या लोकांचे कान किटवले. दांड्याचा ब्रेक बरा की बटणाचा, हा विषय आजही कुणी काढला की माझं डोकं तापतं. लोक सरळ मनाने विचारतात. नवी गाडी घ्यायची असते, दुकानदार काहीतरी सांगतो, मी गाडी चालवते म्हणून मला विचारतात. त्यांना काय माहीत, की या एका विषयावर मी आप्पांशी एक अख्खा उसाचा हंगाम भांडलेले आहे.

शहाद्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायला मी गेले आणि त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहिले. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, मीही म्हणायला लागले. साखर कारखान्याच्या ऊस विभागात नोकरी करून ते निवृत्त झाले होते. ब्राह्मणपुरीला केळी होती, ती पुतण्या बघायचा. त्यामुळे आप्पांना दिवसभर संतापायला मोकळा वेळ होता. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात करकरणाऱ्या चपला. सकाळी दूधवाला यायच्या आधी त्यांचा पहिला राग निघालेला असायचा. राग यायला त्यांना कारण लागत नसे, पण कारण मिळालं की चेहरा उजळायचा.

"हाई चालाव नही." हे त्यांचं आवडतं वाक्य. हे चालणार नाही. चहाच्या टपरीवर कप अर्धा भरला, चालणार नाही. एसटी स्टॅण्डवर नंदुरबारची गाडी तळोद्याच्या फलाटावर लागली, चालणार नाही. आप्पांना कुठल्याही गाडीने कुठेही जायचं नसायचं, पण चौकशीच्या खिडकीशी ते रांगेत उभे राहायचे आणि आपला नंबर आला की आतल्या माणसाला सुनवायचे. मागचे प्रवासी खोळंबायचे. मी एकदा म्हटलं, आप्पा, तुमचं तिकीट नाही, प्रवास नाही, तुम्हाला काय पडलंय? तर त्यावरही संतापले.

पण त्यांचा खरा आखाडा म्हणजे रस्ता. त्यांच्याकडे एक जुनी पांढरी गाडी होती. ती चालवता चालवता काही चुकीचं दिसलं की आप्पा जागच्या जागी थांबायचे, दार उघडायचे आणि उतरून भांडायला जायचे. दोन दोन ट्रॉल्या ओढणारा, मागे लाल दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर. डांबरी रस्त्यावर पाण्याची नळी मोकळी सोडलेला कुणी. वळणावर म्हशी धुणारा कुणी. इंजिन चालू, दार सताड उघडं आणि आप्पा रस्त्यात उभे राहून बोट नाचवताहेत, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय की सांगता सोय नाही. उतार असो, चढ असो, पूल असो, त्यांनी कधी मागे वळून पाहिलं नाही.

पाहायची गरजच नव्हती. डाव्या सीटवर आक्का बसलेल्या असायच्या.

आक्का म्हणजे त्यांची बायको. गोऱ्या, बारीक, डोक्यावरून पदर घेणाऱ्या. आप्पा दार उघडताना एकच शब्द बोलायचे, "लाव." आक्का उजव्या हाताने दांडा ओढायच्या. कट कट कट. भांडण संपवून आप्पा परत यायचे, गाडी गिअरमध्ये टाकायचे आणि म्हणायचे, "सोड." आक्का अंगठ्याने खटका दाबून दांडा खाली करायच्या. सिग्नलला असंच, देवळापुढे असंच, स्वतःच्या अंगणातसुद्धा असंच. आक्का बरोबर नसल्या तर आप्पा गाडी काढत नसत, पायी जात.

हे सुरू कसं झालं, ते आप्पा फार कौतुकाने सांगायचे. गाडी नवी होती तेव्हा दोघं प्रकाशा या तापीकाठच्या तीर्थाला देवदर्शनाला गेले. तापीच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर कुणीतरी टेम्पो आडवा लावला होता. आप्पा उतरले आणि भांडायला लागले. गाडी आपली हळूहळू नदीच्या दिशेने निघाली. आक्का आत, मांडीवर पूजेचं ताट. त्यांना गाडीतलं काहीएक माहीत नव्हतं. समोर जे धरता येण्यासारखं दिसलं ते त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं, आणि गाडी थांबली. ताटातला नारळ मात्र घरंगळत काचेपर्यंत गेला. त्या दिवसापासून आप्पांनी जाहीर केलं, "गाडीना ब्रेक मन्हाकडे नही. तो आक्काकडे शे."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा चिडले. स्वतःच्या विसरभोळेपणाने बायको नदीत जायची वेळ आली, आणि हा माणूस ती गोष्ट पराक्रम म्हणून सांगतो. बरं, एवढा भरवसा आहे, तर तिला गाडी चालवायला का नाही शिकवली? मी आक्कांनाच विचारलं, तुम्ही का नाही शिकलात? भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "इचारं कोनी?"

पण त्या दांड्याने आक्कांना एक गोष्ट मिळवून दिली होती, आणि ती किती मोठी आहे हे मला उशिरा कळलं. त्या घरात गाडीची पुढची सीट ही मोठ्या पुरुषमाणसाची. बायका मागे, पिशव्या आणि लेकरांबरोबर. आप्पांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे आबा म्हणत, ब्राह्मणपुरीहून यायचे. भारदस्त माणूस. त्यांच्यासमोर आक्का खाली बसायच्या, बोलायच्यासुद्धा भिंतीकडे तोंड करून. पण गाडीत आबा मागे आणि आक्का पुढे. दुसरा इलाजच नव्हता, ब्रेक आक्कांकडे होता. आबा कुरकुरत मागे बसायचे. आक्का पदर नाकापर्यंत ओढून पुढे बसायच्या, दांड्यावर हात ठेवून, आणि समोरच्या काचेतून सगळा रस्ता बघायच्या. केळीच्या बागा, कारखान्याची चिमणी, तापीचा पूल. त्या दांड्याला त्यांनी लोकरीचं टोपडं विणून घातलं होतं, निळं आणि पांढरं. गॅरेजवाल्याला आप्पांची ताकीद होती की केबल फार ताणायची नाही, आक्कांच्या हाताला ओढवेल एवढीच ठेवायची.

मग दसऱ्याला त्यांचा मुलगा सुरतेहून नवी गाडी घेऊन आला.

मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. आप्पांचं वय झालं, क्लच दाबताना गुडघा दुखतो, म्हणून त्याने आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली. अंगणात गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी पोहोचवायला दुकानातला एक टाय लावलेला माणूस आला होता, तो सगळं समजावून सांगत होता. आक्का औक्षणाचं ताट बाजूला ठेवून खिडकीतून आत डोकावल्या. दोन सीटच्या मध्ये दांडा नव्हता. सपाट जागा, पाण्याची बाटली ठेवायला खोबण, आणि अंगठ्याएवढं एक बटण. त्यांनी विचारलं, ब्रेक कुठेय? तर तो टायवाला हसून म्हणाला, "आजी, तुम्हाला आता काहीच करायचं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. या माणसाने आप्पांना बटण दाखवलं होतं, मुलाला दाखवलं होतं, शेजारच्या दोघातिघांना बोलावून दाखवलं होतं. जिने इतकी वर्षं त्या घराचा ब्रेक लावला तिला मात्र काहीच करायचं नाही. मुलगाही कौतुकाने म्हणाला, "आई, तू आते मांगे आरामशीर बठ. हाई गाडी सोता धरस, सोता सोडस."  आक्कांनी जुन्या गाडीच्या दांड्यावरचं टोपडं काढून आणलं होतं, ते पदराखाली धरलं आणि ताट घेऊन आत गेल्या.

आप्पांनी बटण दोनदा वर ओढलं, दोनदा खाली दाबलं. खालून घूं असा बारीक आवाज आला, समोर लाल दिवा लागला आणि गेला. "याले ब्रेक म्हनतस?" ते म्हणाले. "हाई तं दारनी बेल शे. हाई चालाव नही."

त्याच दिवशी सगळे प्रकाशाला निघालो. आप्पा गाडी चालवायला, मुलगा मोटारसायकलवर पुढे. आबांनी पुढचं दार उघडलं आणि बसले. त्यांना मागे बसा म्हणायला कारणच उरलं नव्हतं. मागे आक्का आणि मी, मध्ये नारळाची पिशवी. आक्कांना आबांच्या पाठीमागची जागा मिळाली होती. आबांच्या फेट्यापलीकडे त्यांना काय दिसत असेल ते त्यांनाच माहीत.

पुलाच्या अलीकडे एका ट्रॅक्टरने आमच्या पुढ्यात एकदम ट्रॉली घातली. आप्पांनी गाडी थांबवली, पट्टा काढला, दार उघडलं आणि सवयीने म्हणाले, "लाव."

आक्कांचा हात झटकन पुढे गेला. दोन सीटच्या मधून, जिथे दांडा असायचा तिथे. तिथे पाण्याची बाटली होती. त्यांच्या हाताने ती धरली. तेवढ्यात घूं आवाज झाला, लाल दिवा लागला, गाडीने आपला ब्रेक आपणच लावून घेतला होता. आबा मागे वळून त्या हाताकडे बघून हसले. "पानी जोयजे का?" त्यांनी विचारलं. आक्कांनी मान हलवली आणि बाटली घेतली. तहान नसताना त्या दोन घोट प्यायल्या.

मला रडू येण्याइतका राग आला. आबांचा आला, टायवाल्याचा आला, आणि सगळ्यात जास्त आप्पांचा. पण आप्पांनी तो हात आरशात पाहिला होता. ते उतरले नाहीत. दार ओढून घेतलं, पट्टा लावला आणि तो ट्रॅक्टर, त्याच्या दोन्ही ट्रॉल्या, लाल दिवा नसलेली त्याची मागची बाजू, सगळं त्यांनी मुकाट्याने पुढे जाऊ दिलं. आप्पा भांडायला न उतरल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या बटणाविरुद्ध युद्ध पुकारलं. टपरीवर, स्टॅण्डवर, ओट्यावर, जो सापडेल त्याला धरून. आणि संध्याकाळी मी कॉलेजातून आले की मला. मीही चहा पिऊन तयारीनेच खाली उतरायचे. गाडीबरोबर आलेलं जाड पुस्तक मी वाचून काढलं होतं, कारण त्या घरात ते उघडायची दुसऱ्या कुणाची इच्छा नव्हती.

"दांडा ओढा का हातले कळस, गाडी धराई गई. बटनले काय कळस?"

मी म्हणायचे, आप्पा, दांडा ओढणारा दमलेला असला, म्हातारा असला, तर दांडा अर्धाच ओढला जातो. मोटर दर वेळी सारखीच ओढते. केबल सैल पडते तशी ही पडत नाही. चढावर गाडी मागे येत नाही. तुम्ही विसरलात तरी गाडी विसरत नाही. घाटावर आक्का नदीत जाता जाता राहिल्या, ते या गाडीत झालंच नसतं.

"बॅटरी उतरनी तं? गाडी जागावरथीन हालाव नही."

हे मात्र खरं होतं. बॅटरी पार उतरली तर लावलेला ब्रेक सुटत नाही, गाडी ढकलताही येत नाही, आणि बिघाड झाला तर शहाद्यातला गॅरेजवाला पान्याने काही करू शकत नाही, त्याला यंत्र जोडावं लागतं. जे खरं होतं ते मी मान्य करायचे. मान्य केलं की आप्पा अजून चिडायचे, कारण त्यांना मान्यता नको होती, भांडण हवं होतं.

"आनि दांडा अर्धा ओढता येस. हाई बटन अर्धं ओढी देखा."

"अर्धा ओढता येतो म्हणूनच तळोद्याहून येताना तुम्ही 'सोड' म्हणायला विसरलात आणि अर्ध्या ओढलेल्या ब्रेकवर गाडी चालवलीत," मी म्हटलं. "जळका वास आला म्हणून तुम्ही उतरलात आणि रस्त्यालगतच्या टायरवाल्याशी भांडलात. त्याने काही जाळलं नव्हतं, आप्पा."

ते भांडण मी स्वतः पाहिलं होतं. आप्पांनी विषय बदलला. गाडी मुलाला परत न्यायला सांगतो, म्हणाले. जुनी गाडीच बरी. इतकी महाग वस्तू पोराने हौसेने आणलेली, आणि हा माणूस ती एका बटणापायी परत करायला निघाला होता. मुलगा फोनवर काकुळतीला आला होता. शेवटी मी तोंडावर सांगितलं.

"तुमचं भांडण ब्रेकशी नाहीच. आक्कांची जागा गेली त्याच्याशी आहे. ते का नाही बोलत?"

आप्पा उठले आणि अंगणातला नळ बंद करायला गेले. नळ बंदच होता. तो त्यांनी आणखी घट्ट पिळला.

मला वाटलं, आता तरी हा माणूस एखादा मऊ शब्द बोलेल. छे. परत आले आणि म्हणाले, जुनी गाडी ठेवतो म्हणजे प्रश्न मिटला. इतकं ऐकून माझा संयम सुटला. म्हणजे बायकोला पुढे बसवायचं तर तिच्या हातात काहीतरी काम हवं, दांडा हवा. नुसती बायको म्हणून ती पुढे बसू शकत नाही. थोरल्या भावाला, आबा, मागे बसा, असं सांगायची या माणसाची छाती नाही. चौकशीच्या खिडकीवर तोंडाचा पट्टा सोडणारा माणूस घरात भावापुढे मूग गिळून बसतो. हे सगळं मी त्यांना बोलले. आवाज चढवून बोलले. भाडेकरूने बोलावं असं ते नव्हतं, पण मला त्याचं काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आणि वर म्हटलं, "जागा द्यायचीच असेल तर स्टिअरिंगची द्या. या गाडीत क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत, चढावर ती मागे येत नाही. आक्कांना सहज जमेल."

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घर विकायला सांगितलंय. "ती चालवी? मंग मी भांडाले उतरसू कव्हय?"

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. आक्का तिथे कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. "मॅडम, तुम्ही शिकाडा मले. यास्ले इचारानं नही."

मी शिकवलं. ब्राह्मणपुरीच्या रस्त्याला एक मोकळं पडीक रान आहे, तिथे सकाळी सकाळी. आप्पा बरोबर यायचे आणि बांधावर आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. पाठमोरे असूनही प्रत्येक चूक त्यांना कळायची, कारण इंजिनाच्या आवाजाबरोबर त्यांचे खांदे उडायचे. आक्कांचा हात स्थिर होता. रस्ता तर त्यांना पाठच होता, इतकी वर्षं त्यांनी दुसरं काय पाहिलं होतं? एक सवय मात्र सुटेना. गाडी थांबली की त्या स्वतःलाच मोठ्याने सांगायच्या, "लाव," आणि बटण ओढायच्या. निघताना "सोड" म्हणायच्या आणि दाबायच्या.

मी म्हटलं, आक्का, सोडायची गरज नाही. पट्टा लावलेला असला आणि तुम्ही पायाने वेग दिला की ब्रेक आपणच सुटतो.

"मी सांगं नही तरी सोडस?"

"सोडतो."

त्यांनी करून पाहिलं. ब्रेक आपोआप सुटला, गाडी पुढे सरकली. त्या बराच वेळ रानातून गोल गोल गाडी फिरवत राहिल्या, मला काही न विचारता. मग पिशवीतून ते लोकरीचं टोपडं काढलं आणि गिअरच्या मुठीवर घातलं. थोडं सैल बसलं.

रीतसर परवाना हातात आला आणि पहिल्याच मोठ्या फेरीला त्या म्हणाल्या, प्रकाशाला जाऊ. आबांना निरोप गेला होता. भावजय गाडी चालवणार म्हटल्यावर त्यांच्या कंबरेत उसण भरली. त्यामुळे आक्का स्टिअरिंगला, आप्पा डाव्या सीटवर, मी मागे. आप्पांना हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. कधी मांडीवर ठेवायचे, कधी दाराच्या कडीला धरायचे. दर दोन मिनिटांनी ते मधल्या बटणाकडे रागाने बघायचे.

कारखान्याच्या पुढे एक रिकामा ट्रॅक्टर आमच्याच दिशेने ऊस भरायला चालला होता. दोन ट्रॉल्या खडखडत, नागमोडी जाणाऱ्या. लाल दिव्याचं नाव नाही. आक्कांनी हॉर्न दिला, तसा त्याने कडेला घेतला आणि थांबला. रस्ता मोकळा झाला. पण आप्पांना ते कुठलं चालायला! "थांब," म्हणाले. आक्का थांबल्या. आप्पांनी पट्टा काढला, दार उघडलं आणि खाली उतरले. दार मागे आपटलं. ट्रॅक्टरवाल्यापाशी जाऊन त्यांनी बोट वर केलं.

आक्कांचा पाय ब्रेकवर होता. बटणाकडे त्यांचा हात गेला नाही. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.  समोर रस्ता रिकामा होता, दोन्ही बाजूला केळी, ऊन कोवळं. त्यांनी पाय उचलला.

मी मागे वळून पाहिलं. आप्पा बोट वर करून तसेच उभे होते, तोंड ट्रॅक्टरवाल्याकडे. मग ट्रॅक्टरवाल्याने आमच्या गाडीकडे हात केला. आप्पा वळले. बोट वरच राहिलं होतं.

आक्का प्रकाशापर्यंत थांबल्या नाहीत. घाटाच्या वरच्या अंगाला, ज्या उतारावर ती पहिली गाडी नदीकडे निघाली होती तिथेच, त्यांनी गाडी लावली, बटण ओढलं आणि लाल दिवा लागलाय ना ते दोनदा पाहिलं. आम्ही दर्शन घेतलं. पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. तापी संथ होती. मी विचारलं, आक्का, रागावलात का? त्या म्हणाल्या, नाही. आणि मग हसायला लागल्या, पदर तोंडात कोंबून. इतकी वर्षं मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने खडखडाट ऐकू आला. तोच ट्रॅक्टर. चाकावरच्या पत्र्यावर, ड्रायव्हरला खेटून, दोन्ही हातांनी जे मिळेल ते घट्ट धरून आप्पा बसले होते. केसांत धूळ, खिशातलं एक पेन गायब. ट्रॅक्टरवाल्याने त्यांना हाताला धरून उतरवलं आणि त्यांच्या काही बोलायच्या आत तो निघून गेला. आप्पा करकरत पायऱ्यांपाशी आले. एवढं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना संतापलेलं मी रोज पाहत होते.

"गाडी कशी काय लई गई तू? मी रस्तामा उभा शे, नि तू चालनी?"

आक्कांनी हातातली शेंग फोडली. दाणे पुढे केले.

"तुम्ही 'लाव' म्हतं नही," त्या म्हणाल्या.

आप्पांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता 'हाई चालाव नही' येणार.  पण त्यांनी दाणे घेतले, आक्कांच्या शेजारी खालच्या पायरीवर बसले आणि खाल्ले. 

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. सामान आधीच गेलं होतं, मला एसटी स्टॅण्डवर सोडायला दोघं आले. आक्कांनी फलाटाजवळ गाडी थांबवली. चौकशीच्या खिडकीशी काहीतरी गोंधळ चालला होता, लोक ओरडत होते. आप्पांचे डोळे चमकले. पट्टा काढला, हात दाराच्या कडीवर गेला.

"लाव," ते म्हणाले.

आणि दार न उघडता थांबले. घूं आवाज आल्याशिवाय आता ते उतरत नसत.

आक्कांनी लगेच बटण ओढलं नाही. आधी आरशात पदर नीट केला, वळून मला विचारलं की डबा घेतला ना, पाण्याची बाटली घेतली ना. आप्पा कडीवर हात ठेवून खिडकीबाहेरच्या भांडणाकडे बघत तसेच बसून राहिले.